अप्पांना न वाचून दाखवलेली ओळ

गणितावरून अप्पा माझ्यावर कधी रागावले नाहीत. माझं उदाहरण चुकलं तर ते वही आपल्याकडे ओढत, लाल पेनानं बरोबर पायरी लिहीत आणि "असू दे" म्हणून वही परत देत. मेहकरच्या पोरीचं चुकलं की मात्र ते खुर्चीतून उठून उभे राहत. "कामून केलीस ही पायरी? कुणी सांगितलं तुला? सिद्ध कर आधी!" त्यांचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जाई. ती मान खाली घालून उभी राही. आतल्या खोलीत मी माझी वही मांडीवर घेऊन बसलेली असे आणि मनात म्हणे, एकदा तरी माझ्यावर असं ओरडा की.

अप्पा म्हणजे माझे वडील. भालकीच्या मराठी शाळेत ते गणित शिकवायचे. मेहकरची पोर आमच्या घरी आली ती एक्क्याण्णव साली, नववीत. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडील दुसऱ्याच्या रानात राबत आणि रानात काम नसलं की बिदरजवळच्या कोळार वसाहतीतल्या गोदामात पोती उचलायला जात. ते तिला घेऊन आले तेव्हा उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते. "सर, पोरगी हुशार हाय म्हणतेत. गावात आठवीच्या पुढं शाळा न्हाई. तुमी बघा." अप्पांनी तिला तिथंच उभ्या उभ्या एक उदाहरण घातलं. तिनं पाटी-पेन्सिल काही मागितलं नाही. छताकडे बघितलं आणि उत्तर सांगितलं. अप्पा आईला म्हणाले, "हिचं अंथरूण पोरीच्या खोलीत टाक."

पोरीच्या म्हणजे माझ्या. मी तिच्यापेक्षा एक वर्षानं मोठी. ती मला अक्का म्हणायची, माझी वेणी घालायची, भांडी घासायला माझ्याआधी बसायची. तिच्यात वाईट असं काही मला कधी सापडलं नाही, आणि मी शोधत नव्हते असं नाही. जेवताना अप्पा ताटात बोटानं आकृती काढून तिला काही विचारत. ती घास हातात धरून विचार करत राही. आई म्हणे, "जेवू द्या की तिला." मला कुणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे माझी भाकरी गरम असतानाच संपायची.

दोघीही शिकलो. गुलबर्ग्याच्या विद्यापीठात एमएस्सी दोघींनी केलं, मी पहिल्या वर्गात. माझा निकाल लागला त्या दिवशी अप्पांनी पेढे आणले. पुढच्या वर्षी तिचा लागला तेव्हा पेढे आणले नाहीत. तिचा शेवटचा पेपर समोर घेऊन दुपारभर स्वतः सोडवत बसले. मला भालकीच्याच कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायची नोकरी लागली. लग्न झालं, नवरा पुण्याला कंपनीत लागला. नोकरी सोडवेना म्हणून मी लेकीला घेऊन आई-अप्पांजवळ राहिले. मेहकरची पोर मात्र गुलबर्ग्यातच राहिली, पीएचडीला. एकदा मी अप्पांना म्हटलं, मीही एमफिलला नाव घालते. ते म्हणाले, "कशाला? चांगली नोकरी हाय, लेकरू हाय. दगदग कशाला करायलीस?" किती मायेनं म्हणाले! तिला याच माणसानं लिहिलं होतं, लग्नाची स्थळं येतील, पण प्रबंध होईपर्यंत उंबऱ्याच्या बाहेर थांबव त्यांना.

निवृत्तीनंतर अप्पांना काचबिंदू झाला. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा. उरलेलीही हळूहळू गेली. आधी वर्तमानपत्र सुटलं, मग माणसांचे चेहरे. शेवटी खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. त्याच सुमारास तिची पत्रं जाड व्हायला लागली. ती ज्या विषयावर काम करत होती तो फोनवर सांगण्यासारखा नव्हता, म्हणून फुलस्केप कागदांवर मराठीत लिहून पाठवायची. मी कॉलेजातून चारला यायची, हातपाय धुऊन चहा ठेवायची आणि अप्पांना ते वाचून दाखवायची. अप्पा उत्तर सांगत, मी लिहून घेत असे. गणित वाचून दाखवायला गणित येणारंच माणूस लागतं. माझ्या एमएस्सीचा अप्पांना झालेला उपयोग तो एवढाच.

विषय अप्पांनी मला समजावला, पण माझ्यासाठी नाही. मी नीट वाचावं म्हणून. ते म्हणाले, "समज, एक पोरगा रोज नऊला शाळेत येतो. पण पहिल्या दिवशी, चौथ्या, नवव्या, सोळाव्या, पंचविसाव्या, अशा पूर्णवर्गांच्या दिवशी अकराला येतो. त्याच्या येण्याच्या वेळांची सीमा किती, म्हणजे शेवटी त्या कुठल्या वेळेला टेकतेत?"

मी म्हटलं, सीमा नाही. अकरा संपतच नाहीत.

"जुन्या हिशेबानं न्हाई. पण हे उशिराचे दिवस पुढं पुढं किती विरळ होत जातेत बघ. हजार दिवसांत एकतीस. लाखात तीनशे सोळा. असे संच आपण नगण्य धरायचे ठरवले, तर सीमा नऊ. काय काय नगण्य धरायचं त्या यादीला हे लोक आयडियल म्हणतेत. नियम तीनच. नगण्याचा तुकडा नगण्य, दोन नगण्य मिळून नगण्य. आणि सगळंच्या सगळं नगण्य धरता येत न्हाई."

ज्या संख्येजवळ क्रमिका, म्हणजे अशी न संपणारी यादी, नगण्य नसेल इतक्या वेळा येते, तिला अप्पांनी शब्द केला गुच्छबिंदू. त्या पोराचा गुच्छबिंदू एकच, नऊ. "आता त्यातले फक्त पूर्णवर्गांचे दिवस निवडून दुसरी यादी कर. उपक्रमिका. तिच्यात काय दिसतंय?"

"नुसते अकरा."

"मूळ क्रमिकेत जे मोजायचंसुद्धा नव्हतं, ते निवडलेल्या यादीत सर्वस्व झालं. नवा गुच्छबिंदू फुटला." अप्पा खुश होऊन हसले. "तिचं काम ह्याच्यावर हाय. कशी निवड केली तर नवा बिंदू फुटत न्हाई?"

असं ते माझ्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते. वाक्याच्या शेवटी 'तिचं' आलं नसतं तर ती दुपार माझी झाली असती.

दोनेक वर्षं पत्रं चालली. मी वाचायची, अप्पा डोळे मिटून ऐकायचे, मध्येच हात वर करून थांबवायचे. "ती ओळ परत." त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते, अप्पा माझ्या लेकीला खेळवत तेव्हाही, मी पाहिलं नव्हतं. पत्राच्या शेवटी ती लिही, 'गाइडना अजून दाखवलं नाही. आधी तुम्ही बघा.' प्रत्येक पत्रात हेच. विद्यापीठातल्या मोठ्या माणसाच्या आधी माझे आंधळे वडील. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता.

हिवाळ्यातली गोष्ट. एक सहा पानी पत्र आलं. खूप दिवस अडलेलं तिला सुटलं होतं. हैदराबादच्या परिषदेत ते वाचायला तिनं नाव दिलं होतं, अप्पांचं उत्तर आलं की गाइडना दाखवणार होती. पहिल्या पानावर विधान होतं: अशी अशी उपक्रमिका घेतली तर तिला नवा गुच्छबिंदू फुटणार नाही. खाली, वेगळ्या ओळीत, अट होती: 'निवड विरळ नसावी, पुढं कुठंही थांबून मोजलं तरी निवडलेले क्रमांक एकूण क्रमांकांच्या एका ठरावीक हिश्शाच्या खाली जाऊ नयेत.' मग इतर प्रकारच्या नगण्य-याद्यांसाठी विरळ म्हणजे काय, ते त्याच ओळीला जोडून. सगळी सिद्धता त्या अटीवर उभी होती.

त्या दिवशी कॉलेजात माझ्या तासाला प्राचार्य येऊन बसले होते. मी सीमा शिकवत होते, बारावीच्या पुस्तकातली. त्यांनी जाताना "छान, आवाज खणखणीत हाय तुमचा" एवढंच म्हटलं. घरी येऊन मी ते अप्पांना सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि विचारलं, "गुलबर्ग्याचं पत्र आलंय म्हणून पोस्टमन सांगत होता. वाच की."

मी विधान वाचलं. अटीवर आले. आणि ती ओळ न वाचता खालच्या सिद्धतेवर गेले.

हे चुकून झालं नाही. ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती गाळली तर काय होईल हे मला समजत होतं. अप्पांनीच समजावलं होतं. जिथं जिथं 'अटीनुसार' असं आलं, तिथं मी तो शब्द गिळला.

अप्पा चवथ्या पानापर्यंत ऐकत राहिले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "थांब. निवड कसलीबी चालती म्हणायलीय का ती? अट कुठाय?"

"तेवढंच लिहिलंय," मी म्हटलं.

त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. मग म्हणाले, "लिही. मांडणी देखणी झालीय. पण अट दिसत न्हाई. अट न घालता सोडलीस तर पूर्णवर्ग घेऊन बघ, नवा बिंदू फुटतोय. तू विसरली असशील, घाल, म्हणजे झालं."

असं लिहिलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी हसून कळवलं असतं की सर, अट आहे, अक्काकडून वाचायची राहिली. म्हणून मी लिहिलं: 'घातलेली अट पुरत नाही. पूर्णवर्गांचा विचार कर. हे सुटल्याशिवाय पुढं जाऊ नको.' आणि खाली नेहमीप्रमाणे अप्पांचा हात अंगठ्याजवळ धरून फिरवला, त्यांची सही घेतली.

पाकीट मी स्वतः पेटीत टाकलं. त्या आठवड्यात माझं फार छान चाललं होतं. मी लेकीला नवा फ्रॉक शिवला. वर्गात विनोद केले.

तिचं पत्र लवकर आलं नाही. आलं ते दोन ओळींचं: शोधतेय, सापडत नाही, हैदराबादचं नाव मागे घेतलं आहे. अप्पा म्हणाले, "मागं कामून घेतलं? एक अट घालायला काय लागतंय?" मी म्हटलं, आणखी काही अडलं असेल. पुढच्या महिन्यात पत्रच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चार वाजले की अप्पा खिडकीजवळ बसून पोस्टमनच्या सायकलीची वाट बघायचे. पत्र नव्हतं म्हणून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ते ऐकायचे, पण हात वर करून 'ती ओळ परत' कधी म्हणाले नाहीत. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं आणि त्यातलं काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

चार महिन्यांनी ती स्वतःच आली. दुपारची गुलबर्ग्याची बस हुमनाबादला बदलून. वाळली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत ती सहा पानं. आईनं पाणी दिलं ते तिनं तसंच ठेवलं. "सर, मला सापडंना गेलंय. मी पूर्णवर्ग घेऊन बघितले, घन घेतले, सगळं घेतलं. माझी अट कुठं मोडतीय तेवढं सांगा."

"कुठली अट?" अप्पा म्हणाले.

ती पानं काढून वाचायला लागली. मी दारात उभी होते. विधान वाचून झालं. मग तिनं ती ओळ वाचली. अप्पांनी हात वर केला.

"परत."

तिनं परत वाचली. अप्पांचं तोंड तिच्याकडे नव्हतं, दाराकडे होतं, मी उभी होते तिकडे. त्यांना मी दिसत नव्हते, पण मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "काई मोडत न्हाई. पुरती अट."

"पण सर, तुमीच लिहिलं होतं, पुरत न्हाई म्हणून."

आई चुलीपुढून उठून आली. मला वाटलं आता अप्पा उभे राहतील. आता माझ्यावर ओरडतील, मी लहानपणी मागितलं होतं तसं.

"लिहिलं असंल," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी माझंच ध्यान नसंल. म्हातारपण हाय, बाई. नजरेसंगं डोकंबी जायलंय."

तिनं पुढे होऊन त्यांच्या पायाला हात लावला, आणि मी तिच्या चेहऱ्यावर तिला त्यांची कीव आलेली पाहिली. अप्पांना ती कीव दिसली नाही, पण ती पाया पडायला किती वेळ वाकून राहिली यावरून त्यांना कळली असणार.

तिनं ते काम नंतर मासिकाकडे पाठवलं. तिकडून उत्तर आलं की असंच काही नुकतंच परदेशातल्या दोघांचं छापून आलं आहे. मग तिनं दुसरा धागा धरला, एक वर्ष जास्त लागलं, पीएचडी झाली, बेंगळुरूला नोकरी लागली. पत्रं येत राहिली, पण पातळ. तब्येत कशी आहे, डोळ्यांत औषध घालता का. 'आधी तुम्ही बघा' हे त्यात पुन्हा कधी आलं नाही. एखादं झालेलं काम ती पाठवायची, छापून आल्यावर, जसं वडीलधाऱ्यांना पेढे पाठवतात तसं.

अप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. मी वाचायला बसले की तेच, डोळे मिटून ऐकणं. फक्त आता ते प्रत्येक ओळ दोनदा वाचायला सांगायचे. वर्तमानपत्राचीसुद्धा. मी दोनदा वाचायची.

तिला टाकून त्यांनी मला निवडलं, असं मी काही दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण खरं ते नव्हतं. तिच्यापुढे त्यांची जी किंमत होती, ती त्यांनी माझ्यासाठी सोडली होती, आणि त्यांच्याकडे तेवढंच उरलेलं होतं.

त्या दुपारनंतर पाच वर्षांनी अप्पा गेले. ती बेंगळुरूहून आली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. भेटायला आलेली माणसं तिला विचारत होती, तुम्ही थोरल्या का? मला त्या प्रसंगीसुद्धा तिडीक आली, हे मी लपवत नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओसरीवर शाहाबादी फरशीवर तांदूळ निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "अक्का, सरांचं शेवटी शेवटी वाईट वाटायचं. केवढं डोकं होतं, आणि साधी अट कळली नव्हती त्यांना."

तिला सगळं मिळालं होतं, पण हे चुकीचे अप्पा ती घेऊन जाईल हे मला सहन होईना. मी सांगितलं. ओळ गाळली ते, 'अटीनुसार' शब्द गिळला ते, उत्तर बदललं ते. ते खरं काय म्हणाले होते तेही.

"चुकून?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"कामून?"

मी म्हटलं, "मला जळायला व्हायचं. तू आल्यापासून."

ती उठली. परिषदेचं, मासिकाचं काही बोलली नाही. "पाच वर्षं मी त्यांना कमी समजले," ती म्हणाली. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "माझं काम मी त्यांना दाखवायचं बंद केलं, अक्का! त्यांना त्रास नको म्हणून! आणि ते ऐकत बसले असतील, तू वाचायलीस आणि ते ऐकायलेत, की ही आता मला इचारत न्हाई." तिनं पिशवी उचलली आणि जेवण न करता हुमनाबादच्या बसला गेली.

दोन वर्षं तिचा फोन नव्हता. मी तीनदा केला, तिनं उचलला नाही. मग मेहकरला तिच्या भावाचं लग्न निघालं, तेव्हा ती अचानक घरी आली. बसली नाही. म्हणाली, "त्या दिवशी सर काय म्हणाले ते परत सांग. शब्दन् शब्द. मी लिहून घेते."

मी सांगितलं. मांडणी देखणी झालीय. अट दिसत न्हाई. तू विसरली असशील, घाल, म्हणजे झालं. तिनं डायरीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, बरोबर आहे का म्हणून. बरोबर होतं.

"मला माफ केलंस का?" मी विचारलं.

"न्हाई अजून," ती म्हणाली. "पण चहा कर."

मी चहा केला. पिताना तिनं अप्पांची एक गोष्ट सांगितली, नववीतली, मी घरात असूनही मला ठाऊक नसलेली. ती सांगत असताना मला पुन्हा तसंच जळायला झालं. मी ऐकत राहिले, आणि तिचं झाल्यावर म्हटलं, आणखी एखादी सांग.